विश्लेषण : चोरखमाऱ्यात बसून जगाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करता येते? ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणजे काय?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा हे गाव आहे. इथला तलाव आणि अभयारण्याचे प्रवेशद्वार यांमुळे वनपर्यटकांना हे नाव ठाऊक असते. याच नावात मराठी सॉफ्टवेअरची एक जुनी अडचणही दडलेली आहे. नावाला विभक्तीचा प्रत्यय लागला, की ‘चोरखमाऱ्यात’, ‘चोरखमाऱ्याला’ अशी रूपे होतात. भंडाऱ्यात, साताऱ्यात, शेतकऱ्यांना या शब्दांतही तोच ‘ऱ्य’ आहे. डोळ्यांना एकच दिसणारे हे जोडाक्षर संगणकात मात्र एकाहून अधिक प्रकारांनी साठवले जाते. त्यामुळे एका कीबोर्डवरून लिहिलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डवरून शोधल्यास सापडत नाही, असे होऊ शकते.

ही अडचण एखाद्या कंपनीच्या बंद ॲपमध्ये असेल, तर तक्रार करून वाट पाहण्यापलीकडे वापरकर्त्याच्या हाती फारसे काही नसते. ओपन सोर्स, म्हणजे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मात्र दुरुस्ती स्वतः लिहून पाठवता येते. त्यासाठी त्या कंपनीत नोकरी लागत नाही, ओळख लागत नाही आणि पदवीही विचारली जात नाही. पण पाठवलेली प्रत्येक दुरुस्ती स्वीकारली जाते असेही नाही. ती कशी पाठवतात, कोण तपासते आणि ती का नाकारली जाते?

अडचण नेमकी काय आहे?

संगणकाला अक्षरे दिसत नाहीत, क्रमांक दिसतात. जगातील लिप्यांमधील अक्षरांना असे क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. ‘ऱ्य’ लिहिण्याचा युनिकोडमधील एक मार्ग म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’, मग हलन्त चिन्ह आणि मग ‘य’. दुसरा मार्ग म्हणजे साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘य’. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून हा दुसरा मार्गही कायम ठेवण्यात आला. पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच. पण शोध घेणारी साधी आज्ञावली क्रमांक ताडून पाहते आणि दोन्ही शब्द वेगळे ठरवते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मराठी बातम्या आणि शासकीय सूचना साठवून वाचण्याचे एक मुक्त स्रोत ॲप आहे. त्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला, तर धान खरेदीची सूचना असूनही ती सापडत नाही. चोरखमाऱ्यातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्याचे कारण कळले आहे. त्याला हे दुरुस्त करायचे आहे.

‘मुक्त स्रोत’ म्हणजे कुणीही काहीही बदलू शकते का?

नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. मुक्त स्रोत म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांना वाचता येतो, त्याची प्रत घेता येते, त्या प्रतीत हवा तो बदल करता येतो आणि परवान्याच्या अटी पाळून ती वाटताही येते. जीपीएल, एमआयटी, अपाची हे त्यातले प्रसिद्ध परवाने. पण मूळ प्रकल्पात बदल करण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडे असतो. त्यांना ‘मेंटेनर’ म्हणतात. बाकीचे सगळे बदल ‘सुचवतात’.

अशी सॉफ्टवेअर आपल्यापासून दूर नाहीत. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेले लिनक्स कर्नल मुक्त स्रोत आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी ते १९९१ मध्ये सुरू केले. व्यवसायाचे हिशेब आणि साठा सांभाळणारे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे. त्याचा संपूर्ण कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. अनेक मराठी संकेतस्थळांवर दिसणारा ‘मुक्त’ हा फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केला आणि तोही मुक्त परवान्याखाली दिला. या तिन्ही ठिकाणी बाहेरचा माणूस दुरुस्ती सुचवू शकतो.

पहिली पायरी कोड लिहिण्याची का नसते?

कारण आधी अडचण मांडावी लागते. प्रत्येक प्रकल्पाकडे तक्रारींची नोंदवही असते. तिथल्या एका नोंदीला ‘इश्यू’ म्हणतात. नवी नोंद करण्यापूर्वी तीच तक्रार आधी कुणी केली आहे का, हे शोधायचे असते. नोंदीत चार गोष्टी हव्यात : ॲपची कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले.

‘मराठी सर्च चालत नाही’ एवढेच लिहिले, तर बर्लिनमध्ये बसलेल्या मेंटेनरला काहीच कळणार नाही. त्याला मराठी येत नाही आणि दोन्ही ‘ऱ्य’ त्याला सारखेच दिसतात. म्हणून दोन्ही शब्दांमागचे युनिकोड क्रमांक, शोधाचा निकाल आणि पडद्याचे छायाचित्र द्यावे लागते. चांगली नोंद झाली, की अर्धे काम झाले असे समजायला हरकत नाही. याच टप्प्यावर ‘मी हे दुरुस्त करू का?’ असे विचारून घेतले, तर दोघांनी एकाच कामावर वेळ घालवण्याची वेळ येत नाही. बहुतेक प्रकल्प ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ नावाच्या फाइलमध्ये आपले नियम लिहून ठेवतात. ती फाइल वाचणे ही खरी सुरुवात.

गिट, फोर्क, ब्रँच, कमिट... हे शब्द काय आहेत?

गिट हे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन आहे. लिनक्सच्या कामासाठी वापरले जाणारे ‘बिटकीपर’ हे साधन मोफत मिळणे बंद झाल्यावर टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतले. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, हा सारा इतिहास गिटमध्ये राहतो. २००८ मध्ये सुरू झालेले गिटहब आणि नंतरचे गिटलॅब ही गिटवर आधारलेले प्रकल्प ठेवण्याची ठिकाणे आहेत.

आपल्या विद्यार्थ्याचा क्रम असा असेल. प्रथम तो प्रकल्पाची स्वतःच्या खात्यावर प्रत घेईल. हा ‘फोर्क’. ती प्रत आपल्या लॅपटॉपवर उतरवेल. हा ‘क्लोन’. मग मूळ कोडला धक्का न लावता कामासाठी एक वेगळी शाखा काढेल. ती ‘ब्रँच’. त्या शाखेत बदल करून, काय केले ते थोडक्यात लिहून नोंद करेल. ती ‘कमिट’. शेवटी ही शाखा आपल्या खात्यावर परत चढवेल. तो ‘पुश’.

इथपर्यंत मूळ ॲपमध्ये काहीही बदललेले नसते. विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली, तरी ती त्याच्या स्वतःच्या प्रतीत राहते. अनोळखी माणसाला कोडला हात लावू देण्याचे धाडस हे प्रकल्प करू शकतात, ते याच रचनेमुळे.

मग ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणजे काय?

‘माझ्या शाखेतला हा बदल तुमच्याकडे ओढून घ्या’ अशी विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट. गिटलॅबवर तिलाच ‘मर्ज रिक्वेस्ट’ म्हणतात. या विनंतीत जुन्या आणि नव्या ओळी शेजारी-शेजारी दिसतात. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या हिरव्या. सोबत बदल का केला, कोणत्या तक्रारीसाठी केला आणि तो कसा तपासला, हे लिहायचे असते.

चांगल्या विनंतीची पहिली खूण म्हणजे ती लहान असते. शोधाची अडचण सोडवताना विद्यार्थ्याने जाता जाता बटणांचा रंग बदलला आणि तीन फाइलींची नावेही बदलली, तर तपासणाऱ्याला खरा बदल कोणता हेच उमगत नाही. एक अडचण, एक विनंती हा अलिखित नियम आहे. काही प्रकल्प मथळ्याचा साचाही ठरवून देतात. ईआरपीनेक्स्टमध्ये दुरुस्तीच्या मथळ्याची सुरुवात ‘फिक्स’ने, तर नव्या सोयीची ‘फीट’ने करायची असते आणि बदल साधारणपणे ‘डेव्हलप’ या शाखेकडे पाठवायचा असतो.

तपासणी कोण करते?

आधी यंत्र, मग माणूस. नागझिऱ्याच्या प्रवेशद्वारावर परवाना पाहिल्याशिवाय गाडी आत जात नाही. तसेच विनंती पोहोचताच स्वयंचलित चाचण्या सुरू होतात. कोड चालतो का, जुनी एखादी सोय मोडली का, लिहिण्याची शिस्त पाळली आहे का, हे काही मिनिटांत कळते. म्हणून बदलासोबत स्वतःची चाचणीही जोडणे अपेक्षित असते. आपल्या उदाहरणात चाचणी सोपी आहे : दोन प्रकारांनी लिहिलेला ‘चोरखमाऱ्यात’ हा शब्द शोधात एकच ठरला पाहिजे.

यंत्राने हिरवा कंदील दिल्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. ती म्हणजे ‘कोड रिव्ह्यू’. समजा, विद्यार्थ्याने सोपा उपाय केला : न दिसणारी सगळी जोडचिन्हे काढून टाकायची आणि ‘ऱ’चा ‘र’ करायचा. ‘चोरखमाऱ्यात’ची चाचणी उत्तीर्ण झाली. पण मराठी जाणणारा दुसरा कुणी विचारेल, “मग ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांचे काय?” पहिला स्वयंपाक करणारा आचारी, दुसरा आचार्य. विद्यार्थ्याच्या उपायाने दोघे एकच झाले. कोड बिनचूक चालला, भाषा मात्र चुकली.

योग्य उपाय वेगळा आहे. साधा ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह ही मालिका दिसली, की शोधापुरते तिचे रूपांतर ‘ऱ’ आणि हलन्त यांत करायचे. साध्या ‘र्य’ला हात लावायचा नाही. तपासणारा आणखी एक प्रश्न विचारू शकतो : नेपाळी मजकुराचे काय? नेपाळीतही हे जोडाक्षर आहे आणि ते बहुधा जोडचिन्ह वापरून लिहिले जाते. म्हणून साठवलेला मूळ मजकूर बदलायचा नाही, फक्त तुलना करताना रूपांतर करायचे. तिसरा प्रश्न : ‘र’ आणि खालचे टिंब वेगवेगळे साठवले असतील तर? मग आधी युनिकोडच्या ठरलेल्या नियमाने दोन्ही एकत्र करून घ्यायचे.

तीन प्रश्न, तीन दुरुस्त्या, मूळ बदल दहा-पंधरा ओळींचा. पण या संवादातून बाहेर पडलेला कोड आधीपेक्षा कितीतरी भरवशाचा असतो. सगळ्यांचे समाधान झाले, की मेंटेनर तो मूळ शाखेत विलीन करतो. याला ‘मर्ज’ म्हणतात. ॲपची पुढची आवृत्ती आली, की दुरुस्ती सर्वांच्या फोनवर पोहोचते.

सगळीकडे हीच पद्धत असते का?

तत्त्व तेच, वाट वेगळी. लिनक्स कर्नलचे काम प्रामुख्याने ईमेलवर चालते. बदल ‘पॅच’ म्हणून साध्या मजकुरात पाठवायचा असतो. तो कुणाला पाठवायचा हे सांगणारी आणि त्यातील लिखाणाच्या चुका दाखवणारी छोटी साधने कर्नलसोबतच मिळतात. पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहून पाठवणाऱ्याने आपले नाव द्यावे लागते. हा कोड पाठवण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही असते. दुसऱ्याच्या मालकीचा कोड आत आल्यास वाद होऊ नये म्हणून २००४ मध्ये ही पद्धत आणली गेली. पॅच आधी त्या विभागाच्या मेंटेनरकडे जातो. त्याने स्वीकारला, तर वरच्या मेंटेनरकडे आणि अखेरीस टोरवाल्ड्स यांच्याकडे.

विनंत्या नाकारल्या का जातात?

कधी बदल चुकीचा असतो, कधी तो प्रकल्पाच्या दिशेशी जुळत नाही, कधी मेंटेनरकडे वेळच नसतो. त्यांच्यातील अनेक जण हे काम नोकरी सांभाळून, बिनपगारी करतात. पण सर्वाधिक त्रास होतो तो कामाविना पाठवलेल्या विनंत्यांचा.

‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये टी-शर्टसाठी माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द वाढवायचा आणि विनंती पाठवायची, असा पूरच आला. भारतातील विद्यार्थ्यांची नावेही त्यात होती. मेंटेनर इतके वैतागले, की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला : ज्या प्रकल्पांनी आधी संमती दिली आहे, तिथल्याच विनंत्या मोजल्या जातील.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. ‘कर्ल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२४ मध्येच तक्रार केली होती, की चॅटबॉटकडून लिहून घेतलेले, दिसायला नेटके पण आतून पोकळ सुरक्षा अहवाल त्यांचा वेळ खात आहेत. एआयची मदत घेणे हा गुन्हा नाही. काही प्रकल्पांत तिला अटींवर परवानगी आहे, काहींत पूर्ण मनाई. मात्र स्वतःला न समजलेली ओळ पाठवली, तर रिव्ह्यूमधील पहिल्याच प्रश्नावर ते उघड होते.

रिव्ह्यू इतका कडक असण्याची गरज काय?

मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण हे त्याचे उत्तर आहे. फाइली आटोपशीर करणारे हे छोटे साधन असंख्य लिनक्स सर्व्हरवर असते. त्याचा भार मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने २०२१ पासून उपयोगी दुरुस्त्या पाठवत विश्वास मिळवला आणि पुढे मेंटेनरचे अधिकारही मिळवले. त्यानंतर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये सर्व्हरमध्ये शिरता येईल असा चोरदरवाजा बसवण्यात आला.

अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे खटकले. त्यांनी कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. बाधित आवृत्त्या सर्वदूर पसरण्याआधीच मागे घेता आल्या. घातक भागाचा काही अंश चाचणीच्या फाइलींत लपवलेला होता आणि तो जागा करणारा तुकडा फक्त वाटपासाठी बांधलेल्या संचात होता, सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या इतिहासात नव्हता.

यातून दोन गोष्टी दिसतात. तपासणारा एकटा आणि थकलेला असेल, तर खुला कोडही धोक्यात येतो. आणि कोड खुला होता म्हणूनच बाहेरच्या एका माणसाला कारणापर्यंत पोहोचता आले.

फक्त मोबाइल असेल तर?

मोठा बदल मोबाइलवर करणे अवघड आहे. चाचण्या चालवून पाहण्यासाठी लॅपटॉप किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक बरा. पण लहान कामे मोबाइलच्या ब्राउझरमध्येही होतात. गिटहबवर एखाद्या फाइलमधील चुकीचा शब्द तिथेच बदलून विनंती पाठवता येते. फोर्क आणि शाखा आपोआप तयार होतात. नेमकी तक्रार नोंदवणे, कुणाच्या मराठीसंबंधीच्या बदलावर मत देणे हेही योगदानच. अनेक प्रकल्प भाषांतरासाठी ‘वेबलेट’सारखी साधने वापरतात. तिथे कोड न येणाऱ्यालाही मराठी वाक्ये सुचवता येतात. ‘सेव्ह’ला ‘जतन करा’ म्हणायचे की ‘सेव्ह करा’, हे ठरवताना रोज मराठी वापरणाऱ्याचा कान कामी येतो.

यातून मिळते काय?

पैसे क्वचितच. ‘गुगल समर ऑफ कोड’ हा २००५ पासूनचा उपक्रम निवडलेल्यांना मानधन देतो. २०२२ पासून तो विद्यार्थ्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. निवड होण्याआधी त्या प्रकल्पात थोडे काम केलेले असले, तर अर्ज वजनदार होतो. इतरांसाठी मिळकत म्हणजे सर्वांना पाहता येणारी कामाची नोंद. कोणता बदल केला, रिव्ह्यूमध्ये काय विचारले गेले आणि त्याला काय उत्तर दिले, हे नोकरी देणारा स्वतः वाचू शकतो. पन्नास पोकळ विनंत्यांपेक्षा नीट समजून केलेली एक दुरुस्ती तिथे जास्त बोलते.

मराठीपुरता यात आणखी एक मुद्दा आहे. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांतला फरक बर्लिनच्या मेंटेनरला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. गोंदियाच्या विद्यार्थ्याला तो शाळेपासून माहीत असतो. तो सांगायला मराठी जाणणारे कुणी नसेल, तर चुकीचा उपाय सगळ्या चाचण्या पार करून कोट्यवधी फोनवर जाऊन बसेल आणि त्यात चूक आहे हे बाहेरच्या कुणाच्या लक्षातही येणार नाही.